‘मेजर’ नव्हे, हवालदार: एका निवृत्त सैनिकाची आठवण जपताना

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणायची पद्धत आहे. शिपाई असो, नायक असो, सुट्टीवर आलेला रंगरूट असो, एकदा पारावर येऊन बसला की तो मेजर. त्यामागे माया असते, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही. आमच्या गावातले ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण उभ्या आयुष्यात गावात त्यांना हवालदार कुणी म्हटलं नाही. या लिखाणात मी त्यांना बापू म्हणतो. नाव, आडनाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. हा मजकूर त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दोनदा वाचून घेतला आणि मगच मी तो बाहेर देतो आहे. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. स्मृती समितीचं चिटणीसपण माझ्याकडे होतं, त्यामुळे घेतलेल्या बऱ्यावाईट निर्णयांत माझा हात आहे.

बापू १९८६ साली, एकोणिसाव्या वर्षी, आर्मी मेडिकल कोअरमध्ये भरती झाले. लखनौच्या सेंटरमध्ये प्रशिक्षण झालं आणि अँब्युलन्स असिस्टंट म्हणून ते बाहेर पडले. या कामाच्या नावाचा अर्थ गावात कुणाला नीट कळला नाही, खुद्द त्यांच्या थोरल्या भावालाही नाही. जखमी सैनिकाला जिथे पडला तिथून उचलायचं, रक्त थांबवायचं, स्ट्रेचरवर बांधायचं आणि पलटणीच्या रेजिमेंटल एड पोस्टपासून, म्हणजे प्रथमोपचाराच्या ठाण्यापासून मागे, एकेका टप्प्याने, शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणापर्यंत पोचवायचं, हे ते काम. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, ते द्रास भागात होते. २०१० मध्ये चोवीस वर्षांची नोकरी संपवून घरी आले. काही वर्षं पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर काढली. २०१४ च्या जानेवारीत राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. बापूंनी निवृत्तीनंतर हेवी लायसन काढलेलं होतं. त्यांनी अर्ज केला आणि महामार्गावरच्या घाटाजवळच्या एका गाडीवर ते चालक म्हणून लागले. या सेवेत चालकाला पायलट म्हणतात. गाडीत मागे डॉक्टर, पुढे पायलट, दोघंच. म्हणजे स्ट्रेचरचं दुसरं टोक बहुतेक वेळा पायलटच्याच हातात असतं.

२०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, त्यांची कंबर गेली आणि त्यांनी गाडी सोडली. २०२३ च्या जानेवारीत एका सकाळी गव्हाला पाणी देऊन आले, ओट्यावर बसले, घाम फुटला, छातीवर हात ठेवला आणि आडवे झाले. वय ५६.

प्रश्न काय होता

वरवर पाहिलं तर प्रश्न साधा होता: गावाने त्यांची आठवण कशी ठेवायची? घरात माणसं होती, गावात माजी सैनिक संघटना होती, तरुण मंडळ होतं, पैसे द्यायला मुंबईकर मंडळी तयार होती. अडचण पैशाची नव्हतीच.

अडचण अशी की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे बापू होते. मंडळाच्या पोरांच्या डोक्यात सीमेवर बंदूक घेऊन उभा असलेला वीर, भावाच्या डोक्यात घराण्याचा मान. घाटातल्या ढाबेवाल्यांच्या डोक्यात मात्र रात्री दोनला सायरन बंद करून चहा मागणारा, हातावर वाळलेलं रक्त असलेला माणूस. वहिनींच्या डोक्यात कोण होतं, हे आम्ही पहिले दहा दिवस विचारलंच नाही. या प्रकरणातली पुढची बहुतेक गडबड त्या दहा दिवसांत सुरू झाली.

पहिला निर्णय: तिरंगा

मयत दारात असतानाच हा निर्णय घ्यावा लागला. मंडळाची चार पोरं तिरंगा घेऊन आली. ‘शासकीय इतमामात झालं पाहिजे, पोलिसांना सांगा, बंदुकीच्या फैरी झाल्या पाहिजेत,’ असा एकच सूर. त्यांच्या भावनेत खोट काहीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात कर्तव्यावर गेलेल्या जवानाचा अंत्यविधी त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

संघटनेचे सुभेदारसाहेब वेळेवर आले म्हणून बरं. त्यांनी पोरांना ओट्याच्या कडेला बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं: ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा पार्थिवावर घालता येतो तो फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीत. तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे हवा आणि चितेला अग्नी देण्याआधी झेंडा काढून घ्यायचा असतो. सेवा संपवून घरी आलेल्या आणि घरीच वारलेल्या माणसाला हा इतमाम आपोआप मिळत नाही. मान द्यायला गेलो आणि झेंड्याचाच अवमान झाला असं व्हायला नको.

पर्याय तीन होते. नियम बाजूला ठेवून पोरांचं ऐकायचं, तिथे अडवायला कुणी येणार नव्हतं. तहसील आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फोन करून काही होतं का पाहायचं, त्यात मयत दुपारपर्यंत ठेवावं लागलं असतं. किंवा संघटनेने आपल्या पद्धतीने मानवंदना द्यायची. आम्ही तिसरा धरला. बापूंची बॅरे, म्हणजे फौजेतली टोपी, पेटीतून काढून उशाशी ठेवली, पुष्पचक्र वाहिलं, गावातल्या सोळा माजी सैनिकांनी रांगेत उभं राहून सॅल्यूट केला. थोरल्या भावाला ते कमी वाटलं आणि तो राग पुढे वर्षभर टिकला. निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण तो ओट्यावर सगळ्यांसमोर घेतला ही चूक झाली. भाऊंना आधी माजघरात बोलावून चार शब्द सांगायला हवे होते. घरच्या माणसाला नियम गावाबरोबर ऐकावा लागला.

फ्लेक्सवरचा माणूस

तिसऱ्या दिवशी सावडायला निघालो तर वेशीवर फ्लेक्स. दहा फुटी. वर मोठ्या अक्षरांत ‘शहीद मेजर’ आणि पुढे नाव. खाली बर्फात रायफल रोखून बसलेला एक सैनिक, जो बापू नव्हते. कुठल्या तरी वेबसाइटवरून उतरवलेला चेहरा, बापूंच्या पासपोर्ट फोटोशेजारी.

एका फ्लेक्सवर तीन चुका होत्या. हुद्दा मेजरचा नव्हता. मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा, गावात प्रेमाने म्हणणं वेगळं आणि छापणं वेगळं. ‘शहीद’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण संरक्षण खातंसुद्धा आपल्या अधिकृत कागदांत तो वापरत नाही, आणि इथे तर माणूस घरी हृदयविकाराने गेला होता. तिसरी चूक त्या चित्राची. ती सगळ्यांत खोल होती.

वहिनींनी फ्लेक्स पाहिला तो पाचव्या दिवशी. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, ‘गुरुजी, त्यो काढायला सांगा. लोकं जन्मभर त्यांना इचारायची, किती मारलं? हे नुसतं हसायचं. आता मेल्यावर तरी त्यांच्या हातात बंदूक नका देऊ.’

वैद्यकीय दलातले लोक स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगतात, तसं बापूंकडेही असणार. पण वहिनी काय म्हणत होत्या हे कळायला युद्धाचे नियम माहीत असायची गरज नव्हती. मी मंडळाच्या अध्यक्षाशी बोललो. पोरगा माझाच विद्यार्थी. त्याला वाईट वाटलं, पण रात्रीतून फ्लेक्स उतरला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला आणि विचारलं, ‘मग नक्की काय करायचे हो ते फौजेत?’ या प्रश्नाने काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

पेटी, पदकं आणि डायरी

दहाव्यानंतर वहिनींनी पत्र्याची काळी पेटी उघडून दिली. आत डिस्चार्ज बुक (फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं), पेन्शनचे कागद, मलमलीत गुंडाळलेली पदकं आणि तळाशी वह्या.

पदकांवरून सुरुवात केली. आपल्याकडच्या लष्करी पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. अक्षरं मुंगीएवढी. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला आणि माझ्या भिंगातून पाहिलं तेव्हा झिजलेल्या कडेवर ती दिसायला लागली. मंडळाचा अध्यक्ष एकेक अक्षर वाचत गेला आणि मी लिहून घेतलं. पदकं कारगिलची, दीर्घ सेवेची, स्वातंत्र्याच्या पन्नाशीची. शौर्यपदक एकही नव्हतं. खोलीत क्षणभर शांतता पसरली. भाऊंनी सगळ्यांना सांगितलं होतं की बापूंना ‘मोठं मेडल’ आहे. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तसंच वाटत आलं होतं.

इथे ठरवावं लागलं: ही गोष्ट बाहेर सांगायची का? सुभेदारसाहेबांचं मत, सांगायची. ‘पदक नाही म्हणून काम कमी होत नाही. पण नसलेलं पदक छापलं, आणि उद्या कुणी विचारलं, तर असलेलं कामही खोटं ठरेल.’ लिहायचं ते डिस्चार्ज बुकात आहे तेवढंच, हे त्या दिवशी ठरलं, आणि भाऊंना या वेळी मी आधी घरी जाऊन सांगितलं.

मग डायरी. १९९९ सालची, खिशात मावणारी, रेक्झिनच्या कव्हरची. जूनपासूनच्या नोंदी एकेका ओळीच्या. ‘रात्री ११ निघालो. ५ ला पोचलो. २.’ पुढच्या दिवशी ‘१०.३० निघालो. ६ ला पोचलो. १.’ ओळीच्या शेवटी एक आकडा, काही आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल. कुठे शिखराचं नाव नाही, लढाईबद्दल शब्द नाही. पोरं हिरमुसली. सुभेदारसाहेबांनी मात्र डायरी बराच वेळ हातात धरली. म्हणाले, दिवसा हालचाल दिसली की तोफखाना सुरू व्हायचा, म्हणून जखमींना अंधारातच खाली आणायचे. सपाटीवर स्ट्रेचरला चौघं पुरतात, तिथल्या दगडांत आठसुद्धा कमी पडतात, आणि उंची अशी की मोकळ्या हातानेही दम लागतो. हे आकडे त्या रात्री खाली आणलेल्यांचे असावेत. आणि गोल? ते थोडं थांबले. ‘जे वाटेत गेले, ते असतील.’

आम्ही बेरीज केली नाही. अध्यक्षाने कॅल्क्युलेटर काढला होता. वहिनींनी हात केला, ‘नको.’ ‘किती मारले’ऐवजी ‘किती वाचवले’ हा नवा आकडा गावाच्या हाती द्यायचा नव्हता त्यांना, असं मला वाटतं. शिवाय गोलाचा अर्थ हा आमचा अंदाज होता. डायरीचं पान कुठेही छापायचं नाही असं ठरलं.

माझ्या हातून झालेली चूक

१०८ वरच्या सात वर्षांच्या वह्या अकरा होत्या. शंभर पानी, शाळकरी. दर खेपेची नोंद: तारीख, किलोमीटर, गाव, काय झालं, कुठे पोचवलं. अपघात, सर्पदंश, अर्ध्या वाटेत झालेली बाळंतपणं, विष घेतलेली माणसं. बऱ्याच ठिकाणी पेशंटची नावं. मधूनच स्वतःसाठी एखादी ओळ, ‘पुढच्या वेळी ऑक्सिजनचं बघून निघणे’, ‘आईला आधी बाहेर बसवायला हवं होतं’.

तेराव्याच्या शोकसभेत यातलं काही वाचावं, ही माझी कल्पना. मी एक नोंद निवडली. श्रावणातल्या एका सणाच्या रात्री वाडीवरची एक सून, कीटकनाशक, पावसात ओढ्याला पाणी, बापूंनी तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला, ती वाचली. मी नाव खोडलं, गावाचं नाव खोडलं आणि मनाशी म्हटलं की झालं. सभेत मंडपातली बाई न बाई रडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा दीर माझ्या दारात उभा. भांडायला नव्हता आला. ‘गुरुजी, सण आणि ओढा सांगितला म्हणजे राहिलं काय? सहा वर्षं झाली. तिची पोरं आता शाळेत जात्यात.’ एवढंच बोलला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिच्या घरी गेलो, हात जोडले. ती मला आत या म्हणाली, पाणी दिलं, आणि बापूंबद्दल चार शब्द बोललीसुद्धा. त्यामुळे माझी चूक कमी होत नाही.

रुग्णाचं नाव काढलं म्हणजे ओळख लपत नाही, हे दवाखान्यात काम करणाऱ्यांना शिकवलेलं असतं. खेड्यात तर सण, ओढा, वाडी यांतलं एक जरी राहिलं तरी माणूस ओळखू येतो. बापूंनी सात वर्षांत यातली एकही गोष्ट पारावर सांगितली नव्हती. जे त्यांनी जपलं ते मी त्यांच्याच शोकसभेत उघडं केलं. त्यानंतर वह्या वहिनींच्या पेटीत परत गेल्या आणि समितीने ठराव केला की त्यांतलं एक अक्षरही सभेत, लेखात किंवा व्हॉट्सॲपवर यायचं नाही. वर सांगितलेल्या प्रसंगातही मी सण, वर्ष आणि आणखी काही बदललं आहे, आणि तिला विचारून मगच तो इथे ठेवला आहे. तिनेच सांगितलं की चूक कशी झाली ते लिहा.

पर्याय तोलले ते असे

महिन्याभराने देवळात बैठक झाली. पुतळा, कमान, वाचनालय, गावची स्वतःची रुग्णवाहिका, असे चार प्रस्ताव.

पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, देखभालीची जबाबदारी लेखी घ्यावी लागते. शिवाय वहिनींचा स्पष्ट नकार होता. कमानीला जोर होता, कारण ती दिसते. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसांचा स्मृतिस्तंभ जपणारं, तेव्हा दगडाची किंमत नाही असं कोण म्हणेल? पण तो दगड एका अख्ख्या गावाचा आहे. बापूंच्या नावची कमान उभी केली की उरलेल्या सोळांच्या घरांत काय वाटेल, हे सुभेदारसाहेबांनीच विचारलं. वाचनालय गावात आहेच, बंद असतं.

रुग्णवाहिकेवर सगळ्यांत जास्त वेळ गेला, कारण ते बापूंच्या कामाला धरून होतं. मुंबईकरांनी निम्मे पैसे द्यायची तयारी दाखवली. मग हिशेब मांडला: गाडी एकदा घेता येते, पण दोन पाळ्यांचे चालक, डिझेल, विमा, ऑक्सिजन, टायर, आणि मुख्य म्हणजे मागे बसणारा प्रशिक्षित माणूस? बापूंबरोबर काम केलेल्या एका डॉक्टरने बैठकीत सांगितलं की आतून रिकामी असलेली गाडी म्हणजे नुसती जीप, आणि १०८ ला केलेला फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षातून जवळच्या गाडीला जातो, ती साखळी आहेच. कमी पडतो तो गाडी येईपर्यंतचा वेळ.

यावर वहिनी बोलल्या. त्या बैठकीला येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘ते पडले तवा घरात आम्ही तिघी होतो. सूनबाईनं फोन लावला. मी पाय चोळत होते. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी तोंडात पाणी घातलं. गाडी आली, डॉक्टर उतरले आन् छाती दाबायला लागले, तवा मला कळलं की हे आम्ही करायचं होतं. ह्यांनी कितीजणांची छाती दाबली आसंल. मला कधी दावलं न्हाई. आन् मी कधी इचारलं न्हाई.’

कुणीच काही बोललं नाही. पुजाऱ्याने उगाच समईची वात पुढे सारली. मग भाऊ, तिरंग्यावरून अजून रागावलेले भाऊ, उठले आणि म्हणाले, ‘कमान राहू द्या. हे शिकवा.’

काय केलं

दोन गोष्टी ठरल्या. पहिली, एक साधी पाटी. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, गावातल्या सगळ्या माजी सैनिकांची, निवृत्तीच्या क्रमाने. बापूंच्या नावापुढे: ‘हवालदार, आर्मी मेडिकल कोअर, १९८६–२०१०. पायलट, १०८ रुग्णवाहिका, २०१४–२०२१.’ खाली त्यांच्या कोअरचं बोधवाक्य, ‘सर्वे सन्तु निरामयाः’. मजकूर डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहिला. एकट्या बापूंच्या पाटीऐवजी सगळ्यांची केल्यामुळे बाकीच्या सोळा घरांतून कागद बाहेर निघाले. त्यात तिघांचे हुद्दे आम्ही इतकी वर्षं चुकीचे सांगत होतो.

दुसरी, दर वर्षी स्मृतिदिनी प्रथमोपचाराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. कुणाला बोलवायचं यावर खूप विचार केला. शाळेतली मुलं सहज जमतात, फोटोही छान येतात. पण अपघात होतो तिथे पहिल्यांदा कोण पोचतं? घाटातले ढाबेवाले, वडापच्या जीपवाले, टायर पंक्चरवाले, दूध टेम्पोचे चालक. आणि घरात पडतो तेव्हा? बायका. म्हणून हे दोन गट धरले.

जानेवारी २०२४ मध्ये, वर्षश्राद्धाच्या दिवशी, पहिलं शिबिर. ग्रामीण रुग्णालयातले एक डॉक्टर आणि वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले दोघे शिकवायला होते. छाती दाबण्याच्या सरावाचे दोन पुतळे भाड्याने आणले. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पण पुतळ्यावर दोन मिनिटं करून पाहिलं की पैलवान गडीही घामाघूम होतो आणि मग कळतं की माणसं पाळीपाळीने लागणार.

सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते पोलिसांबद्दल. ‘हात लावला आणि माणूस गेला तर? साक्षीला कोण फिरवणार?’ डॉक्टरांनी समजावलं की सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत केली तर दिवाणी-फौजदारी जबाबदारी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. हे मराठीत एका कागदावर छापून प्रत्येक ढाब्यावर चिकटवलं. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत उपयोगी काम ते कागद.

काय निष्पन्न झालं

पहिल्या वर्षी हॉल भरला. दुसऱ्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, माणसं निम्मीच आली, ढाबेवाल्यांतले तर तिघेच. कारण नंतर कळलं: स्मृतिदिन शनिवारी आला होता आणि शनिवार-रविवार हा त्यांचा धंद्याचा दिवस. आम्ही तारखेला चिकटून बसलो होतो.

पहिल्या शिबिरात आम्ही फार कोंबलं होतं. छाती दाबणं, रक्तस्राव, सर्पदंश, भाजणं, मिरगी, सगळं तीन तासांत. सहा महिन्यांनी मी सहज दहाजणांना विचारलं तर बहुतेकांना फक्त छाती दाबणं आठवत होतं, तेही वेगाबद्दल घोळ. दुसऱ्या वर्षी दोनच विषय ठेवले आणि हात जास्त चालवले.

एका प्रसंगाची नोंद करायला हवी. घाटमाथ्यावर वडापावची गाडी लावणाऱ्याने, शिबिरानंतर काही महिन्यांनी, घसरलेल्या मोटारसायकलवाल्याच्या मांडीतून उसळणारं रक्त दोन्ही हातांनी दाबून धरलं, वर पंचा घट्ट बांधला आणि गाडी येईपर्यंत हात काढला नाही. तो मुलगा शुद्धीवर असताना गाडीत चढला, एवढं आम्हाला माहीत आहे. पुढे काय झालं ते कळवायला कुणी आलं नाही. हे ‘शिबिराने जीव वाचवला’ म्हणून छापावं असा आग्रह झाला. आम्ही छापलं नाही. वडापाववाला मात्र दुसऱ्या वर्षी आलेल्या तिघांपैकी एक होता.

पुन्हा करायचं झालं तर

वहिनींना पहिल्या दिवशी विचारलं असतं. ही एकच गोष्ट बदलली असती तर फ्लेक्स आणि शोकसभा, दोन्ही टळलं असतं. आपल्याकडे दुःखातल्या बाईला त्रास नको म्हणून सगळं बाहेरच्या बाहेर ठरवतात. मीही तेच केलं.

पेन्शनच्या कागदांकडेही आधी पाहायला हवं होतं. आम्ही स्मारकाच्या चर्चा करत होतो आणि वहिनींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद दोन महिने पडून होते, कारण मृत्यूच्या दाखल्यात आणि डिस्चार्ज बुकात नावाचं स्पेलिंग वेगळं. ते काम शेवटी सुभेदारसाहेबांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या तीन खेपा घालून केलं. समितीच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून इथे करतो.

शिबिर स्मृतिदिनी न घेता मंगळवारी घ्यायला हवं, धंदा मंदा असतो तेव्हा. पुढच्या वर्षीपासून तसंच आहे.

आणि बापूंना स्वतःला विचारायला हवं होतं. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं ते गावात होते, निम्म्या संध्याकाळी पारावर. मी त्यांच्याशेजारी बसत होतो. डायरीतल्या गोलांचा अर्थ मला आजही खात्रीने माहीत नाही, आणि सांगू शकणारा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसून शेंगा सोलत असायचा.

म्हणून आता रविवारी मी एकेका माजी सैनिकाच्या घरी जातो. मोबाइल समोर ठेवून, परवानगी घेऊन, रेकॉर्ड करतो. आत्तापर्यंत पाच झाले. त्यात एक आजोबा १९७१ च्या लढाईत होते, वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, ‘या मास्तर. किती मारलं इचारायला आलाय का?’

मी म्हटलं, ‘न्हाई आबा. तुमचं काम काय होतं, ते सांगा.’

त्यांनी नातवाला चहा ठेवायला सांगितलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. मग म्हणाले, ‘मी लंगरात होतो. दीडशे माणसांच्या रोट्या.’ पलीकडे कणीक मळणारी सून हात थांबवून ऐकायला लागली.